मातीवरचा धडा

सूरह फातिरमधील २७वी आणि २८वी आयत आपण कधी सलग, थांबून वाचली आहे का? प्रथम आकाशातून उतरणाऱ्या पाण्याचा आणि त्यातून निघणाऱ्या नाना रंगांच्या फळांचा उल्लेख येतो. मग वाचणाऱ्याची दृष्टी डोंगरांकडे वळविली जाते. डोंगरांतील पांढरे पट्टे, तांबडे पट्टे, त्यांच्या कमी-अधिक छटा आणि गडद काळे खडक तेथे आहेत. पुढे माणसे, जनावरे आणि गुरेढोरे यांच्या रंगांतील भिन्नता सांगितली आहे. आणि त्याला जोडूनच असे येते की, अल्लाहच्या दासांपैकी जे ज्ञान बाळगतात तेच त्याचे भय बाळगतात.

या आयतीचा अखेरचा भाग आपण ‘उलमा’ वर्गाच्या थोरवीसाठी नेहमी ऐकतो. ज्ञानवंत म्हणजे कोण, यावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे आणि त्यात येथे शिरावयाचे कारण नाही. मला फक्त क्रमाकडे लक्ष वेधावयाचे आहे. ज्ञानवंतांचा उल्लेख पाऊस, फळे, खडकांचे रंग आणि जनावरांचे रंग यांच्यानंतर येतो. म्हणजे डोंगराच्या अंगावरील तांबडा पट्टा ज्याने पाहिलाच नाही, त्याच्या ज्ञानात काही उणीव राहते, असे या क्रमावरून वाटल्यावाचून राहत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात मी इमामत करतो आणि मकतबात मुलांना शिकवितो. आपल्या मकतबांतील मुलांचे उच्चार सुधारले आहेत, तजवीदचे नियम त्यांना माझ्या पिढीपेक्षा लवकर येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्या आयती ते पढतात त्यांतील झाड, बी, पाऊस, खडक, कणीस, मुंगी या गोष्टी त्यांना पुस्तकातील चित्रांतून ठाऊक असतात. पालकांनो, या उन्हाळ्यात आपल्या मुलाला एक साधा प्रश्न विचारून पाहा: पानाच्या ज्या भागाने ते फांदीला जोडलेले असते त्याला काय म्हणतात? ‘देठ’ हा शब्द किती मुलांच्या ओठांवर येतो ते पाहावे. मी मराठीचा पदवीधर आहे, म्हणून शब्द हरवल्याचे दुःख मला जरा अधिकच होते, असे कोणी म्हणेल. पण शब्द हरवतो तेव्हा बहुधा ती वस्तू आधीच हरवलेली असते.

आमच्या भागात याला आणखी एक बाजू आहे. कित्येक घरांना वर्षातील दहा-अकरा महिने कुलूप असते. कुटुंबे मुंबई, मुंब्रा, कुवेत, कतार, दुबई येथे. मुले मे महिन्यात येतात, आंबे खातात आणि शाळा उघडण्याच्या आत परततात. त्यांच्या दृष्टीने गावची जमीन म्हणजे सातबाऱ्यावरील नावे, आणि बहुधा दोन चुलत्यांमधील एक न बोलला जाणारा वाद. ज्या जमिनीवर कधी अनवाणी पाऊल पडले नाही, ती विकताना हात थरथरत नाही. अन्यायाने बळकावलेल्या वीतभर जमिनीची शिक्षा किती कठोर आहे, हे सांगणारी हदीस आपण जुमाच्या बयानात ऐकतो. पण ती वीतभर जमीन हातात घेऊन पाहिलेली मुले किती?

याच कारणाने आम्ही मकतबात एक छोटा उपक्रम चालवितो. रविवारी सबक संपल्यावर मुले जोडी-जोडीने मशिदीच्या मागील आवारात आणि पाखाडीच्या कडेने पाव तास फिरतात. झाडाखाली पडलेली पाने, फुले, शेंगा, काटक्या, खडे, शिंपले गोळा करतात. मग अंगणात बसून त्यांची प्रतवारी करतात, नावे सांगतात, आणि त्यांतून जमिनीवर एक रचना मांडतात. डिंक नाही, खिळा नाही, रंग नाही. काही वेळ सगळे ती शांतपणे पाहतात. नंतर ती तेथेच सोडून घरी जातात. दुपारच्या वाऱ्याने ती विस्कटते, कोंबड्या ती उकरतात, आणि पुढील रविवारी अंगण कोरे असते. पश्चिमेकडील काही कलावंतांनी अशा कामालाच आयुष्य वाहिले आहे. स्कॉटलंडमध्ये राहणारे अँडी गोल्ड्सवर्दी हे त्यांतील प्रसिद्ध नाव. पाने, बर्फ, काटे, दगड हीच त्यांची सामग्री. परंतु आपल्याला हा धडा शिकण्यासाठी तितक्या दूर जाण्याची आवश्यकता नाही.

जमिनीवर आकृती काढून शिकविण्याची पद्धत खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांची आहे. बुखारीमध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांचे कथन आहे. प्रेषितांनी (स.) एक चौकोन काढला. त्याच्या मध्यातून एक रेषा ओढली, ती चौकोनाच्या बाहेर गेली. मग त्या मधल्या रेषेकडे येणाऱ्या लहान लहान रेषा काढल्या. आणि त्यांनी समजावून सांगितले की, मधली रेषा हा मनुष्य. चौकोन हा त्याला चारी बाजूंनी वेढणारा मृत्यू. बाहेर गेलेला भाग या त्याच्या आशा-आकांक्षा. आणि लहान रेषा म्हणजे आयुष्यातील संकटे, ज्यांतील एक चुकले तर दुसरे गाठते.

वाचकहो, ही हदीस मी मुलांना फळ्यावर शिकवून पाहिली आहे आणि मातीवरही. फळ्यावर ती आकृती बनते. मुले वहीत उतरवून घेतात आणि पान उलटतात. मातीवर काटकीने चौकोन काढला, मधली रेषा एका लांब काडीची केली आणि ती चौकोनाबाहेर हातभर जाऊ दिली, की मुले उठून त्या बाहेर गेलेल्या टोकापाशी जाऊन उभी राहतात. एका मुलाने विचारले, “ही काडी आणखी लांब असती तर चौकोन मोठा झाला असता का?” इमाम गज्जाली यांनी दीर्घ आशांच्या व्याधीवर जे विवेचन केले आहे, त्याचा गाभा या प्रश्नात आहे. उत्तर मी दिले नाही. त्याच्याहून थोड्या मोठ्या मुलीने दिले: चौकोन आपण काढत नाही.

आणखी एका प्रसंगी प्रेषितांनी (स.) एक सरळ रेषा काढून तिला अल्लाहचा मार्ग म्हटले, तिच्या दोन्ही बाजूंस रेषा काढून ते इतर मार्ग असल्याचे सांगितले आणि सूरह अनआमची १५३वी आयत पढली, हे मुसनद अहमदमध्ये आहे. त्याच ग्रंथात हजरत सलमान फारसी (रजि.) यांची ती सुंदर हदीस आहे. ते एका झाडाखाली होते, त्यांनी वाळकी फांदी धरून हलविली आणि पाने गळून पडली. सोबत्याला ते म्हणाले, मी असे का केले हे तू विचारत नाहीस? मग त्यांनी सांगितले की, प्रेषितांनीही (स.) त्यांच्यासमोर असेच केले होते आणि वुजू करून पाच वेळची नमाज अदा करणाऱ्याची पापे या पानांसारखी गळतात असे समजाविले होते. येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, सलमान (रजि.) यांनी केवळ शब्द पुढे पोहोचविले नाहीत. फांदी हलविण्याची कृतीही पोहोचविली. तो धडा हातांनी शिकविला गेला आणि हातांनीच पुढच्याला दिला गेला.

आता प्रत्यक्ष रचनांविषयी. सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण रचना देशी बदामाच्या पानांची. हे झाड आमच्याकडे बहुतेक मशिदींच्या, शाळांच्या आवारात असते. त्याचे पान गळण्यापूर्वी हिरव्याचे पिवळे, नारिंगी, तांबडे होते आणि पडल्यावर तपकिरी. सूरह जुमरच्या २१व्या आयतीत याच क्रमाचा निर्देश आहे. पाणी आकाशातून उतरते, जमिनीत झऱ्यांच्या रूपाने मुरते, रंगीबेरंगी पीक उगवते, मग ते वाळते, पिवळे पडते आणि शेवटी त्याचा चुरा होतो. आणि बुद्धिवंतांसाठी यात बोध आहे. मुलांना आम्ही ही आयत पढावयास लावतो आणि तिच्या क्रमाने पानांचे वर्तुळ मांडावयास सांगतो. सुरुवात अगदी कोवळ्या, वाऱ्याने पडलेल्या पानापासून आणि शेवट चुऱ्यापर्यंत.

काम दिसते तितके सोपे नाही. हिरवे कोठे संपते आणि पिवळे कोठे सुरू होते यावर मुलांत वाद होतो. दोन पानांमध्ये बसणारे तिसरे पान शोधण्यासाठी मुलगा पुन्हा झाडाखाली जातो आणि पंधरा-वीस पाने उलटीपालटी करून एक घेऊन येतो. त्या शोधात त्याला कळते की एकाही पानाचा रंग दुसऱ्यासारखा नाही, शिरांजवळचा हिरवा सर्वांत शेवटी जातो, कीड लागलेले पान वेगळ्या तऱ्हेने सुकते. तेव्हा मी त्यांना सूरह अनआमची ५९वी आयत आठवून देतो, जिच्यात सांगितले आहे की एक पानदेखील अल्लाहच्या माहितीवाचून गळत नाही. ही आयत त्यांनी पूर्वीही ऐकलेली असते. परंतु मांडीवर पानांचा ढीग असताना ती ऐकणे वेगळे. एक पान निवडण्यासाठी वीस पाने पाहणारे मूल मनातल्या मनात हिशेब करते, या गावात झाडे किती, पाने किती, आणि मग गप्प होते.

वर्तुळ पूर्ण झाल्यावर एक अडचण उभी राहते. चुरा आणि कोवळे पान वर्तुळात शेजारी-शेजारी येतात. आयतीचा क्रम तर चुऱ्यापाशी थांबतो. मग वर्तुळ कसे? मोठ्या मुलांसमोर मी हा प्रश्न मुद्दाम ठेवतो. कुरआनमध्ये मृत जमिनीला पावसाने जिवंत करण्याचे उदाहरण पुनरुत्थानासाठी वारंवार आले आहे, त्याच सूरह फातिरच्या नवव्या आयतीतही. मुले हळूहळू तेथपर्यंत येतात. कधी येत नाहीत, तेव्हा वर्तुळात एक जागा मोकळी सोडून आम्ही उठतो.

दुसरी रचना मातीची. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून नोंदविलेल्या हदीसचा आशय असा की, अल्लाहने हजरत आदम (अ.) यांना सर्व पृथ्वीवरून घेतलेल्या मुठीतून घडविले, म्हणून त्यांची संतती मातीप्रमाणेच तांबडी, पांढरी, काळी आणि मधल्या छटांची झाली, कोणी मऊ, कोणी कठीण. आमच्या एका गावात चार-पाच प्रकारची माती सहज मिळते. सड्यावरील जांभ्याची लाल माती, भाताच्या खाचरातील राखी-तपकिरी, खाडीचा काळसर गाळ, नदीची पिवळसर रेती, वारुळाची बारीक माती. देशावरून आलेल्या एका पाहुण्याने डबाभर काळी माती दिली, तीही आमच्याकडे आहे. ती पाण्यात भिजली की हाताला चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडतात; जांभ्याच्या मातीत वाढलेल्या मुलांना याचे मोठे नवल वाटते.

मुले या मातीच्या मुठी शेजारी-शेजारी पट्ट्यांत पसरतात. कोणत्याही दोन मातींची सीमा सरळ ठेवणे कठीण असते, त्या एकमेकींत मिसळतात. वर्णाच्या अभिमानावर मी यापूर्वी खुतब्यांत बोललो आहे आणि आपल्यातही विवाह जुळविताना मुलीचा रंग कसा पाहिला जातो हे वाचकांना सांगावयास नको. पण मातीचे ते पट्टे पाहिल्यावर एक मुलगी आपला हात मनगटापासून एकेका पट्ट्याशेजारी ठेवून पाहत होती आणि नदीच्या रेतीपाशी थांबून म्हणाली, “मी इथली.” तिला काळी म्हणून घरात चिडवितात, असे तिच्या मैत्रिणीने नंतर सांगितले. आयुष्यभराच्या खुतब्यांनी जे होत नाही ते कधी कधी एका मुठीने होते.

सूरह ताहाच्या ५५व्या आयतीत मनुष्याची निर्मिती मातीतून, परतणे मातीत आणि पुन्हा उठणे मातीतून असल्याचे सांगितले आहे. दफनाच्या वेळी तीन मुठी माती देताना आपल्याकडे हीच आयत पढली जाते. परंतु जरा विचार करा, शहरात वाढलेल्या आपल्या किती मुलांचा मातीशी पहिला खरा स्पर्श दादाच्या किंवा नानीच्या कबरीपाशी होतो? ज्या मातीत केवळ निरोपासाठी हात घातला, ती मुलाला भीतिदायकच वाटणार. आयतीतील तीन टप्प्यांपैकी दोन त्याच्या अनुभवातून गळलेले असतात.

तिसऱ्या प्रकारच्या रचना भूमितीच्या. खुंटी आणि सुंभाची दोरी घेऊन मातीवर वर्तुळ काढावे. तीच दोरी तितकीच ताणून वर्तुळाच्या कडेवर कोठूनही पावले टाकीत गेल्यास बरोबर सहा पावलांत आपण मूळ जागी येतो. पाचही नाही, सातही नाही. त्या सहा खुणांवर सहा फुले ठेवली की षट्कोन दिसतो, एकाआड एक जोडल्या की दोन त्रिकोण आणि सहा टोकांचा तारा. आठ टोकांचा तारा हवा असेल तर दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवावेत. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या पाहताना आपण नुसते ‘सुंदर’ म्हणून पुढे जातो. अंगणात दोरी ताणून बसलेले मूल ती जाळी वाचू शकते. त्या कारागिरांनीही आरंभ याच वर्तुळापासून केला होता.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते येतात आणि यावेत. पहिला आक्षेप चित्रकलेच्या निषेधाचा. सजीवांच्या प्रतिमा घडविण्याविषयी कठोर हदीस आहेत आणि या उपक्रमात आम्ही माणूस, पशू, पक्षी यांची आकृती मांडू देत नाही. परंतु त्याच विषयावर बुखारी आणि मुस्लिममध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आलेल्या एका माणसाची कथा आहे, ज्याचा चरितार्थच चित्रे काढण्यावर होता. त्यांनी त्याला प्रेषितांची (स.) ताकीद ऐकविली, तेव्हा त्याचा चेहरा पिवळा पडला. मग ते म्हणाले की, काढावयाचेच असेल तर झाडे काढ आणि ज्यांत प्राण नाही अशा वस्तू काढ. एका कष्टकऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून विद्वानाने दार पूर्ण बंद केले नाही, वाट दाखविली. पाने, खडे आणि वर्तुळे हीच ती वाट आहे.

दुसरा आक्षेप असा की, हे शेजाऱ्यांच्या रांगोळीसारखे दिसते. दिसते, हे खरे आहे. जमिनीवर नक्षी काढण्याची सवय या भूमीत जुनी आहे आणि आपले शेजारी ती त्यांच्या श्रद्धेने करतात; त्याविषयी बोलताना आपली जीभ सभ्य असावी. आमच्या रचनेला कोणताही विधी नाही, ती उंबरठ्यासाठी नाही, सणासाठी नाही, तिला शुभ-अशुभ चिकटलेले नाही. ज्या कृतीमागे पूजेचा अथवा शकुनाचा हेतू नाही आणि जिचे स्वरूप कोणाच्या धार्मिक खुणेचे नाही, तिला मी अनुकरण म्हणणार नाही. तरीही ज्या मोहल्ल्यात याने गैरसमज होईल तेथे केवळ ओळीत अथवा ढिगांत मांडणी करावी. वाद ओढवून घेण्याइतकी ही गोष्ट मोठी नाही.

एका वाचकाने सूरह नहलच्या ९२व्या आयतीकडे लक्ष वेधले होते, जिच्यात मेहनतीने कातलेले सूत उसवणाऱ्या स्त्रीसारखे होऊ नका असे म्हटले आहे. ती आयत शपथा आणि करार मोडण्याविषयी आहे, हे तिच्या मागील-पुढील भागावरून स्पष्ट आहे. मात्र सूरह शुअराच्या १२८व्या आणि १२९व्या आयतींकडे आपण अवश्य पाहावे. हजरत हूद (अ.) आपल्या आद जातीला विचारतात की, प्रत्येक उंचवट्यावर व्यर्थ खुणा का उभारता आणि जणू सदैव राहणार आहात अशी बांधकामे का करता? सड्यावर फिरावयास येणारे हल्ली दगडांवर दगड रचून मनोरे करतात आणि तसेच सोडून जातात. ते मुलांना शिकवू नये. शिवाय सड्यावरील प्रत्येक सुट्या दगडाखाली कोणाचे तरी घर असते. विंचू, गोम, पाल, बेडूक. आणि रत्नागिरीत राहणाऱ्याला फुरशाविषयी सांगण्याची गरज नसावी. सड्यावरील दगड उलटावयाचा नाही, हा आमचा पहिला नियम आहे.

बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. झाडावरून तोडावयाचे नाही, पडलेलेच उचलावयाचे. धान्य, फळ, डाळ या अल्लाहच्या देणग्या खेळासाठी जमिनीवर पसरावयाच्या नाहीत. कोयी, टरफले, आठळ्या चालतील. कब्रस्तानातून काही आणावयाचे नाही. दुसऱ्याच्या बागेत पडलेले पान उचलण्यापूर्वी विचारावयाचे, मग ते पान कितीही कवडीमोल असो. मुंग्यांची रांग आली तर रचना बाजूला सरकेल, रांग नाही. या शेवटच्या नियमावर मुले फार खूश असतात. एका प्रवासात सोबत्यांनी चिमणीएवढ्या पाखराची पिल्ले उचलली, तेव्हा आई वर पंख फडफडवू लागली, प्रेषितांनी (स.) पिल्ले परत करावयास लावली आणि मुंग्यांची जाळलेली वस्ती पाहून नापसंती दर्शविली, ही अबू दाऊदमधील हदीस त्यांना पाठ आहे. वाटेवर काटा, काच राहिली तर ती उचलणे हाही सदकाच, म्हणून फेरीसोबत एक पिशवी असते. ती रोज भरते, आणि तिच्यात काय निघते हे सांगण्यास संकोच वाटतो.

आता मोबाइलविषयी. रचना झाली की पहिली इच्छा छायाचित्र काढण्याची होते. गोल्ड्सवर्दींसारखे कलावंतही आपल्या रचनांची छायाचित्रे ठेवतात, त्यांचा तो व्यवसाय आहे. आमच्याकडे त्या तासाला मोबाइल नसतो. परदेशी असलेल्या काही पित्यांना हे आवडले नाही. मुलाने केलेले काम आम्ही कसे पाहावे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचे एकाकीपण मला दिसते. मी त्यांना विनंती केली की, रात्री फोनवर मुलाला ते सांगावयास लावा. काय मांडले, कोठून आणले, पान कसे होते. सांगताना मुलाला शब्द लागतात. देठ, शीर, पालवी, आठळी, रेती, गाळ. ते तो दादीला विचारतो. छायाचित्र पाठविले असते तर ‘माशाअल्लाह’ लिहून संभाषण दोन क्षणांत संपले असते. आणि जे काम कोणी पाहणार नाही हे ठाऊक असूनही मन लावून केले, त्याची गोडी एकदा लागलेल्या मुलाला रियाचा अर्थ व्याख्येने समजावावा लागत नाही.

रचना मोडण्याचे दुःख होते, हे मान्य केले पाहिजे. लहान मुले रडतात. कोणी मुद्दाम पाय दिला तर भांडणेही होतात. मुद्दाम दिलेला पाय आणि वाऱ्याची झुळूक यांत फरक आहे. पहिल्यासाठी क्षमा मागितली पाहिजे, दुसऱ्यासाठी कोणाकडे तक्रार? दुनियेच्या नश्वरतेविषयी सूरह कहफची ४५वी आणि सूरह हदीदची २०वी आयत आहे, दोन्हींत वाळून चुरा होणाऱ्या हिरवळीचे उदाहरण आहे. ती रडणाऱ्या मुलाला त्याच क्षणी ऐकवू नयेत, असे माझे मत आहे. त्याला रडू द्यावे. वैराग्याचे धडे घाईने दिले की मुले कठोर होतात, विरक्त होत नाहीत. जमिनीवर जीव जडणे हे तर ईमानाच्या विरुद्ध नाही. उहुद पर्वताविषयी प्रेषितांनी (स.) प्रेमाचे उद्गार काढले, तो आपल्यावर प्रेम करतो आणि आपण त्याच्यावर, असे सांगितले, मक्केचा निरोप घेताना ही भूमी आपल्याला सर्वाधिक प्रिय असल्याचे बोलून दाखविले. नश्वर म्हणून प्रेम करू नये असे त्यांनी कोठे शिकविले नाही.

शहरातील वाचक म्हणतील की, आमच्याकडे अंगण नाही. इमारतीच्या आवारात बदाम, गुलमोहर, सोनमोहर यांपैकी एखादे झाड बहुधा असते. उन्हाळ्यात सोनमोहराखाली सकाळी झाडूवाला येण्याआधी पिवळा सडा पडलेला असतो. फजरनंतरची ती वेळ मुलासोबत घालवावी, आणि झाडूवाल्याला काम वाढणार नाही एवढे पाहावे. पावसाळ्यात आम्ही रचना करीत नाही. पहिल्या पावसात मुलांना बाहेर उभे करतो, कारण मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) यांचे कथन आहे की प्रेषितांनी (स.) पावसात अंगावरील वस्त्र थोडे बाजूला सारले आणि हा पाऊस नुकताच आपल्या पालनकर्त्याकडून आला आहे असे कारण सांगितले. सर्दी होईल म्हणून चिंता करणाऱ्या मातांसाठी टॉवेल मशिदीत ठेवलेले असतात.

मे महिन्यात मुंबईहून आणि आखातातून मुले येतात तेव्हा मातीची रचना पुन्हा होते. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या शेतातून किंवा परड्यातून मूठभर माती आणावयाची आणि सोबत त्या जागेचे नाव. सातबाऱ्यावरील क्रमांक चालत नाही. घरात ज्या नावाने ती जागा ओळखली जाते ते नाव हवे. मुठी अंगणात गावाच्या नकाशाप्रमाणे मांडल्या जातात, खाडी कोठे, सडा कोठे, मशीद कोठे, आणि संध्याकाळी ज्याची माती त्याने शेतात परत टाकावयाची असते. काही मुलांना घरी नाव सांगणारे कोणी भेटत नाही. त्यांची मूठ नाव न देता एका बाजूला ठेवली जाते आणि त्या घरातील सर्वांत वयस्कर माणसाला, तो मुंबईत असो वा मस्कतला, त्याच ठिकाणाहून फोन लावला जातो.